पुस्तके वाचून अभिनय शिकता येतो का? कोणती पुस्तके वाचावीत?

आपण लिहिले आहे की आपण तालुक्याच्या गावी राहता, नाट्यप्रशिक्षण संस्थेत जाणे आर्थिकदृष्ट्या शक्य नाही, आणि एकांकिका स्पर्धेत काम केले तेव्हा परीक्षकांनी ‘अभिनय वरवरचा वाटतो, भूमिकेत आतून शिरायला हवे’ असा शेरा दिला. ही उणीव पुस्तकांनी भरून निघेल का आणि सुरुवात कोठून करावी, असा आपला प्रश्न आहे. हौशी रंगभूमीवर आधी नट म्हणून आणि पुढे तालमी घेणारा म्हणून माझी बरीच वर्षे गेली आहेत. नेमका हाच शेरा घेऊन परतलेली मुलेमुली मी वरचेवर पाहतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पुस्तकांवरून शिकता येते, मात्र वाचताना एखाद्या नाटकाची संहिता जवळ हवी आणि वाचलेले लगेच उभे राहून, मोठ्याने करून पाहायला हवे. अभिनयावरचे पुस्तक कादंबरीसारखे सलग वाचून संपवले, तर त्यातले चार पारिभाषिक शब्द तेवढे लक्षात राहतात आणि तालमीत ते कामाला येत नाहीत. एक प्रकरण वाचावे, त्यातली गोष्ट आपल्या हातातल्या भूमिकेवर आठवडाभर तपासून पाहावी आणि मगच पुढचे पान उलटावे.

पुस्तकांकडे वळण्याआधी त्या शेऱ्याबद्दल बोलणे मला आवश्यक वाटते. ‘आतून शिरा’ असे सांगितले की नवा नट भावनेच्या मागे लागतो. विंगेत उभा राहून तो स्वतःच्या आयुष्यातले दुःख आठवू लागतो, डोळ्यांत पाणी आणण्याचा प्रयत्न करतो आणि रंगमंचावर समोरचा नट काय बोलतो आहे हे त्याला ऐकूच येत नाही. त्याने काम आणखी वरवरचे होते. अभिनयावरचे चांगले ग्रंथ, मग ते मॉस्कोत लिहिलेले असोत किंवा संस्कृतातले असोत, नटाला भावनेकडे थेट जाऊ देत नाहीत. पात्र काय करते आहे आणि कशामुळे करते आहे, याकडे ते त्याला वळवतात. आपले वाचन याच धाग्याने व्हावे, असे मला मनापासून वाटते.

पहिले नाव अर्थातच कॉन्स्तान्तिन स्तानिस्लावस्की यांचे. १८९८ साली मॉस्को आर्ट थिएटर उभे करणाऱ्या दोघांपैकी ते एक. त्यांचे ‘ॲन ॲक्टर प्रिपेअर्स’ हे पुस्तक के. नारायण काळे यांनी ‘अभिनयसाधना’ या नावाने मराठीत आणले. कोस्त्या नावाच्या विद्यार्थ्याची रोजनिशी असे त्याचे रूप आहे, आणि तोर्त्सोव हे शिक्षक एकेका प्रसंगातून मुलांना शिकवत जातात. त्यातला कृतीवरच्या प्रकरणातला एक प्रसंग आपण पुन्हापुन्हा वाचावा. मारिया नावाच्या विद्यार्थिनीला शिक्षक एक गोष्ट सांगतात: तुझ्या घरची परिस्थिती बिकट आहे, फी भरता येत नाही; मैत्रिणीने मदत म्हणून आपली मौल्यवान पिन तुला देऊ केली आणि ती या पडद्याच्या चुणीत खोचून ठेवली आहे. मारिया रंगमंचावर धावत येते, डोके धरते, पडदा ओढते, कासावीस झाल्याचे दाखवते आणि खाली उतरताना स्वतःवर अगदी खूश असते. शिक्षक विचारतात, ‘मग पिन कुठे आहे?’ ती शोधायचीच राहून गेलेली असते. आता ते सांगतात की पिन सापडली नाही, तर तुला खरोखरच वर्ग सोडावा लागेल. ती पुन्हा वर जाते आणि एकेक चुणी सावकाश, बोटांनी चाचपत तपासते. या वेळी ती काहीच ‘दाखवत’ नाही, पण खाली बसलेल्यांची नजर तिच्यावरून हलत नाही.

आपल्या परीक्षकांना जे खटकले असावे, ते पहिल्या खेपेच्या मारियात आहे. आपल्या भूमिकेत ती पिन कोणती, हे प्रत्येक प्रवेशासाठी शोधून वहीत लिहून ठेवावे. ‘मी दुःखी आहे’ या वाक्याचा नटाला काही उपयोग होत नाही. ‘वडिलांना कळायच्या आत मला ते पत्र परत मिळवायचे आहे’ या वाक्याचा होतो.

या पुस्तकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट माहीत असावी. स्तानिस्लावस्कींनी नटाच्या तयारीवरचे हे काम एकसंध योजले होते. प्रत्यक्षात मनाच्या तयारीचा भाग इंग्रजीत १९३६ साली आला. आवाज, उच्चार, लय आणि शरीर यांवरचा भाग ‘बिल्डिंग अ कॅरेक्टर’ या नावाने १९४९ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी आला. मधल्या काळात जगभरच्या नटांनी पहिल्या अर्ध्या भागालाच संपूर्ण पद्धत मानले. भावनिक स्मृतीला, म्हणजे स्वतःचे जुने अनुभव आठवून भावना जागी करण्याला, अमेरिकेत जे महत्त्व आले त्याची कारणे अनेक आहेत. पण खुद्द स्तानिस्लावस्की उत्तरायुष्यात शारीरिक कृतींच्या साखळीवर भर देत होते, आणि १९३४ साली पॅरिसमध्ये त्यांच्याबरोबर काम करून परतलेल्या अमेरिकन अभिनेत्री स्टेला ॲडलर यांनी आपल्या सहकाऱ्यांना तेच सांगितले. म्हणून शक्य असेल तर दोन्ही भाग वाचावेत. इंग्रजी वाचण्याची सवय असेल, तर जीन बेनेडेट्टी यांनी दोन्ही भाग एकत्र करून केलेला ‘ॲन ॲक्टर्स वर्क’ हा २००८ सालचा अनुवाद अधिक सोयीचा आहे.

आता आपल्याकडचा ग्रंथ. भरताचे नाट्यशास्त्र नटाने वाचायचे असते ही कल्पनाच पुष्कळांना नसते. ते संस्कृतच्या प्राध्यापकांसाठी आहे असे समजून बाजूला ठेवले जाते. संपूर्ण ग्रंथ वाचण्याची आपल्याला आज गरज नाही. रसावरचा सहावा आणि भावावरचा सातवा, हे दोन अध्याय पुरेत. र. पं. कंगले यांच्या ‘रस-भावविचार’ या पुस्तकात ते अभिनवगुप्त या जुन्या भाष्यकाराच्या टीकेसह, म्हणजे विवरणासह, मराठीत आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ते प्रसिद्ध केले आहे. टीकेचा भाग पहिल्या वाचनात सोडून दिला तरी चालेल.

सातव्या अध्यायात भरत प्रत्येक भावाचे आधी विभाव सांगतो, म्हणजे तो कशामुळे उत्पन्न होतो ते. आणि मग अनुभाव, म्हणजे तो शरीरात आणि वाणीत कसा उमटतो ते. शोकाच्या संदर्भात तो रडण्याचे तीन प्रकार करतो: आनंदाने येणारे, दुःखाने येणारे आणि ईर्ष्येने येणारे. आनंदाच्या रडण्यात गाल फुललेले असतात आणि अंगावर रोमांच असतात; ईर्ष्येच्या रडण्यात ओठ आणि गाल थरथरतात, निःश्वास सुटतात, भुवया आक्रसतात आणि नजर तिरकी होते. ‘रडायचे आहे’ एवढीच सूचना संहितेत असते, तेव्हा या तीनपैकी कोणते, हा प्रश्न नटाने विचारलाच पाहिजे. सहाव्या अध्यायातले हसण्याचे सहा प्रकारही असेच वाचावेत. स्मितापासून अतिहसितापर्यंत, म्हणजे मंद हसण्यापासून अनावर हसण्यापर्यंत, जाताना पात्राची पातळी कशी बदलते, ते तिथे फार बारकाईने सांगितले आहे. विभाव नीट समजून घेणे आणि स्तानिस्लावस्की जिला ‘दिलेली परिस्थिती’ म्हणतात ती, म्हणजे नाटककाराने पात्राभोवती उभी केलेली परिस्थिती, समजून घेणे ही तालमीत एकच गोष्ट ठरते, असे माझे मत आहे. दोन्हीकडे कारण आधी येते.

वाचिक अभिनयासाठी, म्हणजे बोलण्यातून होणाऱ्या अभिनयासाठी, मात्र परभाषेतल्या पुस्तकांवर विसंबून राहू नये. मराठी वाक्याची घडण वेगळी आहे. आपल्याकडे क्रियापद शेवटी येते आणि नकारही शेवटीच येतो. ‘त्या रात्री मी दार उघडलं नाही’ हे वाक्य घ्या. नवा नट ‘त्या रात्री’वर सगळा श्वास खर्च करतो, ‘दार’ शब्दापर्यंत आवाज उतरतो आणि ‘नाही’ घशातच राहते. मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला दार उघडले असे ऐकू येते आणि पुढचा सगळा प्रवेश त्याला कळत नाही. ‘तो आला असता’ या वाक्यातला ‘असता’ गिळला गेला, तर न आलेला माणूस आलेला होतो. हौशी नाटकांतली निम्मी अस्पष्टता या पडलेल्या शेपटांची असते, आणि आवाज वाढवून ती दूर होत नाही. वाक्याच्या अखेरीपर्यंत श्वास आणि विचार दोन्ही पुरवावे लागतात. हा सराव रोज एक पान गद्य मोठ्याने वाचून करता येतो. याबरोबर डॉ. श्रीराम लागू यांचे ‘वाचिक अभिनय’ हे छोटे पुस्तक जवळ ठेवावे. ते स्वतः कान, नाक, घशाचे शल्यचिकित्सक होते, आणि मराठी रंगभूमीवर दीर्घकाळ, मोठ्या भूमिकांतून बोललेल्या माणसाचे हे लेखन आहे. माझ्याकडे तालमीला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे पुस्तक सर्वांत आधी देतो.

यानंतर नटांची आत्मचरित्रे. नाट्यशाळा नसताना मराठी नट कंपनीत राहून कसे शिकत होते, हे आपल्यासारख्या विद्यार्थ्याने समजून घेण्याजोगे आहे. चिंतामणराव कोल्हटकर यांचे ‘बहुरूपी’ (यास १९५८ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला) आणि गणपतराव बोडस यांचे ‘माझी भूमिका’ ही दोन जरूर वाचावीत. संशयकल्लोळमधला विनोदी, संशयी फाल्गुनराव आणि एकच प्याल्यातला दारूत बुडालेला सुधाकर या दोन भूमिका एकाच बोडसांनी गाजवल्या, हे ध्यानात ठेवून त्यांचे पुस्तक वाचले म्हणजे त्यातली कामाची बाजू अधिक कळते. १९६९ साली वैद्यकीय व्यवसाय सोडून पूर्णवेळ रंगभूमीवर आलेल्या लागूंचे ‘लमाण’ आणि विजया मेहता यांचे ‘झिम्मा’ ही अलीकडची. ‘झिम्मा’मध्ये दिग्दर्शकाच्या बाजूने तालीम कशी दिसते ते कळते, आणि ते नटाला माहीत असलेले बरे. या पुस्तकांतल्या आठवणी आणि किस्से रंजक आहेत, पण वाचताना भूमिकेच्या तयारीविषयीचा मजकूर आला की तिथे खूण करावी.

मात्र सर्वांत अधिक वेळ द्यावा तो नाटके वाचण्याला. एका नाटकाचे उदाहरण देतो. विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आपण कदाचित पाहिलेही असेल. स्पर्धांतून आणि निवड चाचण्यांतून मुली त्यातल्या बेणारे या शिक्षिकेचे अखेरचे दीर्घ स्वगत निवडतात आणि पहिल्या ओळीपासून आकांत मांडतात. त्यांनी आधी नाटकाची पहिली दोन पाने वाचावीत. सभागृहाच्या दाराची कडी बेणारेच्या बोटाला लागलेली आहे. ती बोट ओठांत धरून आत येते. कडी नीट सरकवली नाही तर दार बाहेरून अडकते, हे बोलण्याच्या ओघात सांगितले जाते. पुढे नटमंडळींनी खेळ म्हणून तिच्यावर चालवलेला खोटा खटला तिच्या खऱ्या आयुष्यावर येतो, ती निघून जायला दाराकडे धावते, तेव्हा हेच दार अडकलेले असते. ज्या नटीने पहिल्या प्रवेशात बोटाची ती कळ आणि नव्या जागेतला मोकळेपणा खरोखर अनुभवला आहे, तिला शेवटच्या स्वगतासाठी वेगळी भावना आणावी लागत नाही. महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ आणि सतीश आळेकर यांचे ‘महानिर्वाण’ अशाच प्रकारे, कोण केव्हा काय करतो याची नोंद करत वाचावीत. पहिल्यात माणसे फार कमी बोलून फार काही लपवतात, दुसऱ्यात वास्तवाची चौकट ठेवलेलीच नाही. दोन्हींसाठी नटाला वेगळी तयारी लागते.

पीटर ब्रुक यांचे ‘द एम्प्टी स्पेस’, ग्रोतोवस्की यांचे ‘टुवर्ड्स अ पुअर थिएटर’ आणि ब्रेख्त यांचे नाट्यविषयक लेखन थोर आहे, पण ते थोडे थांबून, काही प्रयोग झाल्यावर घ्यावे, असे मी सुचवीन. त्यांतले बरेचसे आधीच्या सवयींशी घेतलेले भांडण आहे आणि आपल्या सवयी अजून घडायच्या आहेत. कीथ जॉनस्टन यांच्या ‘इम्प्रो’ला मी अपवाद करतो. त्यातले पात्रांच्या वरचढपणाविषयीचे प्रकरण तर आपल्या गटाने एकत्र वाचून लगेच खेळून पाहावे असे आहे.

पुस्तके विकत घेण्याची घाई करू नये. वर सांगितलेली काही जुनी मराठी पुस्तके दुकानांत सहज मिळणार नाहीत, पण तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात, विशेषतः जुन्या नगर वाचनालयात, ती कपाटात असण्याचा संभव असतो. ग्रंथपालांना लेखकाच्या नावाने विचारावे. साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक जुनी प्रकाशने त्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात, तीही पाहावीत. पुढच्या एकांकिकेची संहिता आपल्या हातात आली असेल, तर लागूंचे पुस्तक आणि ‘अभिनयसाधना’तले कृतीवरचे प्रकरण एवढे पहिल्या तालमीच्या आत वाचून घ्यावे; नाट्यशास्त्राचे दोन अध्याय भूमिका पाठ झाल्यावर, आणि आत्मचरित्रे प्रयोग आटोपल्यावर वाचली तरी चालेल.