तंत्रज्ञानाच्या भविष्याचा अभ्यास करून आयुष्यभर पोट भरता येते का?

आपण विचारले आहे की, रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर प्रयोगशाळेऐवजी ‘टेक्नॉलॉजी फोरसाइट’ (पुढे कोणती तंत्रे येऊ शकतील आणि त्यांच्या आड काय येईल, याचा पद्धतशीर अभ्यास) आणि नवोन्मेष धोरण यांत संशोधन करायचे ठरवले, तर त्यात टिकाऊ करिअर होते का. मीही रसायनशास्त्रातूनच इकडे आले, त्याला आता बारा वर्षे झाली. करिअर होते, मात्र ज्या पदांवर राहून ते घडते, त्यांच्या नावांत ‘फोरसाइट’ हा शब्द क्वचितच सापडतो. (मराठीत याला ‘दूरदर्शन’ म्हणणे शोभले असते, पण तो शब्द टीव्हीने केव्हाच पळवला.)

आधी एक गैरसमज दूर करते. हे काम भविष्य वर्तवण्याचे नाही. जपानमध्ये १९७१ पासून साधारण दर पाच वर्षांनी राष्ट्रीय डेल्फी सर्वेक्षण होत आले आहे. अमुक तंत्र केव्हा प्रत्यक्षात येईल आणि त्याच्या आड काय येईल, हे त्यात तज्ज्ञांना विचारतात. कोणी काय म्हटले हे गुप्त ठेवून सर्वांच्या उत्तरांचा एकत्रित कल त्यांच्यापुढे मांडतात आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतात, म्हणजे एखाद्या वजनदार प्राध्यापकांच्या मतापुढे बाकीचे नुसत्या माना डोलावत नाहीत. संशोधकाचे कसब लागते ते प्रश्न घडवताना. विधान मोघम असले तर सगळेच होकार देतात, आणि फार बारकाव्याचे असले तर ते दोघातिघांनाच कळते.

आपल्याकडे या कामाचा पाया टायफॅकने, म्हणजे केंद्र सरकारच्या तंत्रज्ञान माहिती, पूर्वानुमान व मूल्यमापन परिषदेने घातला. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या परिषदेचे अध्यक्ष डॉ. अब्दुल कलाम असताना, १९९६ मध्ये, ‘तंत्रज्ञान दृष्टी २०२०’चे अहवाल निघाले, २०३५ चा दस्तऐवज जानेवारी २०१६ मध्ये म्हैसूरच्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्रकाशित झाला. विज्ञान धोरणाचा अभ्यास करणारी निस्टॅड्स ही सीएसआयआरची (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची) संस्था २०२१ मध्ये विज्ञान संप्रेषणाचे काम करणाऱ्या निस्केअरमध्ये विलीन होऊन एनआयएससीपीआर झाली. संस्थांची नावे अशी बदलत राहतात, म्हणून संस्थेपेक्षा पद्धतीवर पकड असलेली बरी. पीएच.डी.साठी जेएनयूतील विज्ञान धोरण केंद्र आणि आयआयटी मुंबईतील धोरण अभ्यास केंद्र पाहावे. परदेशात ससेक्स विद्यापीठातील १९६६ पासूनचे ‘स्प्रू’ हे विज्ञान धोरण संशोधन केंद्र आणि जर्मनीत कार्ल्सरूहची फ्राउनहोफर आयएसआय ही नवोन्मेष संशोधन संस्था.

माझी पहिली चार वर्षे दिल्लीतील एका संस्थेत प्रोजेक्टच्या कंत्राटावर गेली. दर मार्चमध्ये मुदतवाढीची वाट पाहायची आणि मोठा अहवाल लिहून झाला की मुखपृष्ठावर फक्त समितीची नावे वाचायची. तेथून बाहेर पडताना माझ्या बायोडेटात दाखवण्यासारखे जवळपास काहीच नव्हते. त्यानंतर मी एक सवय लावून घेतली: अहवाल कोणाच्याही नावाने निघो, त्यातील पद्धतीवर, लेखी परवानगी घेऊन, स्वतःच्या नावाचा एक शोधनिबंध लिहायचाच.

मला तारले ते माझ्या रसायनशास्त्राने. २००५ पासून भारतात औषधांच्या रेणूंनाही पेटंट मिळू लागले आणि कोणत्या दिशेला संशोधन चालले आहे हे पेटंटांतून वाचून सांगणाऱ्यांची कंपन्यांना गरज भासू लागली. पेटंटातील मार्कुश पद्धतीच्या दाव्यात सूत्रातील काही जागी अनेक पर्याय दिलेले असतात, त्यामुळे एकाच सूत्रात लाखो संयुगे सामावलेली असतात. ते सूत्र ज्याला वाचता येत नाही, तो नुसती पेटंटे मोजत बसतो. मोजणीतही खाचखळगे आहेत. एकच शोध पाच देशांत नोंदवला की तो पाच वेळा मोजला जाऊ शकतो. शिवाय अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होत असल्याने अलीकडचे अर्ज मोजणीत आलेलेच नसतात, म्हणून प्रत्येक आलेखाचे शेपूट खाली वळलेले दिसते, आणि ‘या क्षेत्रातील संशोधन ओसरत आहे’ असा निष्कर्ष भर बैठकीत काढणारे अधिकारी मी पाहिले आहेत. मी आज पुण्यात हेच विश्लेषण करते आणि वर्षातून एखादा सरकारी अभ्यासही हाती घेते.

तेव्हा रसायनशास्त्र सोडू नका, सोबत संख्याशास्त्र शिका. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या धोरण फेलोशिपवर लक्ष ठेवा, आणि कोणत्याही मुलाखतीत कंत्राटाची मुदत किती आणि अहवालावर लेखक म्हणून नाव येते का, हे दोन प्रश्न पगाराच्या आधी विचारा.