हायवेवरच्या ढाब्यांचे, पंपांचे पत्ते जिओकोड केले (पत्त्यावरून अक्षांश-रेखांश काढले) की सगळे पिन गावात पडतात. कोणती सेवा वापरावी?

सेवा बदलून काही होणार नाही, कारण तुमच्या यादीत पत्ताच नाही. ‘मु. पो. अमुक, मुंबई-गोवा हायवे, ता. महाड’ यातलं गाव आणि तालुका एवढंच सेवेला कळतं, म्हणून पिन गावठाणात पडतो. गट नंबर बहुतेक सेवांना वाचता येत नाही. गुगलच्या उत्तरात ‘लोकेशन टाइप’, म्हणजे बिंदू किती नेमका आहे ते, बघा. तिथे ‘जिओमेट्रिक सेंटर’ किंवा ‘अप्रॉक्झिमेट’ असेल तर तो बिंदू टाकून द्या. वेगवेगळ्या ढाब्यांचे अक्षांश-रेखांश शेवटच्या दशांशापर्यंत सारखे आले असतील तर तीही त्याचीच खूण.

हायवेवरचा घरनंबर म्हणजे किलोमीटरचा दगड. हे मी आग्रहाने सांगतो, कारण ‘आता फोनमध्ये पिन आहे, दगड कशाला’ हे वाक्य ऐकून कान किटलेत. फोनचा जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही सहज पाच मीटर चुकतो, घाटात त्याहून जास्त. दुभाजक असतो जेमतेम चार-पाच मीटर रुंद. मग नुसत्या पिनवरून जागा जाणाऱ्या बाजूला की येणाऱ्या बाजूला, हे ठरणार कसं? आणि बाजू चुकली की गाडी पुढच्या कटपर्यंत जाऊन परत येणार. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर पुढच्या एक्झिटपर्यंत सुटकाच नाही. रुग्णवाहिकेसाठी ही चूक किती महाग आहे, याचा विचार करा.

म्हणून पूर्ण पत्ता असा लिहा: राष्ट्रीय महामार्ग ६६, किमी ८४/३००, गोव्याकडे जाणारी बाजू, सर्व्हिस रोड. ८४/३०० म्हणजे ८४ च्या दगडापुढे ३०० मीटर.

आता हा पत्ता नकाशावर बसवायचा. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून रस्त्याची रेषा घ्या. दोन्ही बाजूंच्या रेषा वेगळ्या ठेवा, पण दोन्हींची दिशा किलोमीटर वाढत जातात तीच करा. तुकडे जोडून एकसंध रेषा बनवा, नाहीतर पोस्टजीआयएस या नकाशा-डेटाबेसमधलं, बिंदू रेषेवर किती अंतरावर आहे ते सांगणारं ‘लाइनलोकेटपॉइंट’ फंक्शन अडतं. लांबी अंशांत मोजू नका, यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीत मोजा. कोकण, पुणे, नाशिकसाठी यूटीएमचा पट्टा ४३ उत्तर, नागपूरसाठी ४४. दोन पट्ट्यांची सीमा ७८ अंश पूर्व रेखांशावर आहे.

सगळ्यात जास्त घोळ पुढे होतो. लोक शून्यापासून सरळ ८४.३ किमी मोजतात. नकाशात वळणं कापलेली असतात, प्रत्यक्ष रस्ता जागोजागी सरळ केलेला असतो, आणि एक टक्का फरक पडला तरी शंभर किलोमीटरवर एक किलोमीटर चुकतो. त्याऐवजी दगडांचे जीपीएस बिंदू घ्या (राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा, राज्यमार्गाचा हिरवा) आणि फक्त लगतच्या दोन दगडांमध्ये हिशोब करा. समजा तुमची रेषा मधूनच सुरू होते आणि तिच्यावर ८४ चा दगड ३१,२४० मीटरवर आला आणि ८५ चा ३२,२५५ वर. मधलं अंतर १,०१५ मीटर. मग ८४/३०० ची जागा ३१,२४० अधिक १,०१५ च्या ०.३ पट, म्हणजे ३१,५४४.५ मीटर. चूक त्या एका किलोमीटरातच अडकून राहते.

कशेडीसारख्या ठिकाणी हेही पुरत नाही. तिथे जुना घाटरस्ता आहे आणि नवा बोगद्याचा रस्ताही. दोन्हींची लांबी वेगळी, म्हणून दोन्हींची मापं वेगळी ठेवा आणि प्रत्येक नोंदीत ‘जुना दगड’ की ‘नवं डिझाइन चेनेज’ (नव्या रस्त्याच्या नकाशातलं किलोमीटरचं माप) हे लिहा. पत्ता ‘जवळच्या रेषेला’ आपोआप चिकटवू नका. उड्डाणपुलाखालचा ढाबा हमखास पुलावर चढतो.

महामार्गाचे जुने क्रमांकही जपा. २०१० मध्ये क्रमांक बदलले: १७ चा ६६ झाला, पुणे-नाशिक ५० चा ६०, पुणे-सोलापूर ९ चा ६५. मुंबई-पुणे-बंगळूरचा ४ आता ४८ आहे, पण जुना ४८ हा बंगळूर-मंगळूर होता. जुन्या बिलांवरचे पत्ते त्यामुळे थेट दुसऱ्या राज्यात जातात.

आणि प्रत्येक जागेचे दोन बिंदू ठेवा: इमारत, आणि रस्त्यावरून आत शिरायची जागा. गाडी दुसऱ्या बिंदूवर पाठवायची.

दगड उखडलेले असतील तर मात्र ठेकेदाराच्या नकाशातलं चेनेज घ्यावं लागेल. गुगलचा प्लस कोड (जागेचा छोटा कोड, साधारण १४ मीटरचा चौकोन) किंवा टपाल खात्याचा २०२५ चा डिजिपिन (साधारण ४ मीटरचा) जोडीला जरूर ठेवा, पण दोन्हींना प्रवासाची दिशा कळत नाही.

सेवेबद्दल विचारलंच आहे, तर नॉमिनॅटिमचा (ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी जिओकोडिंग सेवा) सार्वजनिक सर्व्हर सेकंदाला एकच विनंती घेऊ देतो, आणि गुगलचे अक्षांश-रेखांश ३० दिवसांपेक्षा जास्त साठवू देत नाहीत. तुम्ही स्वतः मोजलेल्या दगडांना असली अट नाही.