नवरा भांडण झालं की दोन-तीन दिवस बोलतच नाही. मीच आधी बोलावं का? त्याच्या मनात नेमकं काय चाललेलं असतं?

"आमची सहा वर्षांची मुलगी मग इकडचे निरोप तिकडे करते," असं तुम्ही प्रश्नात जाता जाता लिहिलंय. मी उत्तर लिहायला बसले ती त्या वाक्यामुळे. नवऱ्याचं नंतर बघू.

ते काम मी केलंय. आम्ही मिरजेत राहायचो, वडील एसटीत कंडक्टर. दिवसभर "चला, पुढे सरका, सुट्टे काढा" करून घसा बसवून घेणारा माणूस, पण आईशी बिनसलं की घरात तोंडातून शब्द नाही. मग आई म्हणायची, "पप्पांना सांग, गॅस संपलाय." पप्पा तिथेच भिंतीला टेकून पेपर वाचत असायचे. त्यांना ऐकू आलेलं असायचंच, तरी मी जाऊन सांगायचं. "तिला सांग, नंबर लावलाय." की मी परत स्वयंपाकघरात. आणि हे नुसतं पोचवणं नसायचं हो. "म्हणावं, भावालाच सांग सिलिंडर आणून द्यायला," हा निरोप मी "पप्पा बघतो म्हणाले" असा करून द्यायची. ताट सरकवल्याच्या आवाजावरून आज काय सांगायचं आणि काय गाळायचं, हे मला पाढ्यांच्या आधी यायला लागलं होतं. तुमची मुलगी हेच करत असणार. तुम्हाला पत्ता नसेल, कारण गाळलेलं तुमच्यापर्यंत येतच नाही.

सगळ्यात लांबलेला अबोला भिशीच्या पैशांवरून झाला. मामाला जतकडे शेतात बोअर मारायचं होतं, आईने भिशी लागल्या लागल्या ते पैसे त्याला दिले. पप्पांना सांगितलं नाही. त्यांना ते कळलं गाडीतल्या कुणा पाव्हण्याकडून. (बोअरला पाणी लागलं नाही, ते वेगळंच.) नागपंचमीच्या आसपास सुरू झालेला अबोला गणपती आले तरी चालू. पूजेला गुरुजी आले. "वहिनी, यजमानांच्या हाताला हात लावा." आईने पप्पांच्या उपरण्याचं टोक दोन बोटांत धरलं. गुरुजींनी मंत्र थांबवला. "हाताला, वहिनी. उपरण्याला नाही." मी आणि भाऊ हसू दाबत होतो, पण पोटात गोळा आला होता. आरतीत मात्र पप्पांचा आवाज सगळ्यांच्या वर!

गौरी जेवल्या त्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं. त्यांच्यादेखत पप्पा म्हणाले, "अगं, ताटं कमी पडतायत," आणि अबोला सुटला. भिशीचं नाव कुणी काढलं नाही. पुढे कधीच काढलं नाही. आता मामा नाही, पप्पा नाहीत, आणि आई अजून मध्येच म्हणते, "विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते."

आता तुमचा नवरा. माझा धाकटा भाऊ आजही म्हणतो, "पप्पांनी कधी आवाज चढवला नाही, कधी हात उचलला नाही. शांत माणूस होता." यावरून आमचं दर दिवाळीला वाजतं. शांत नव्हते ते. जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी जोडप्यांना त्यांच्या वादाच्याच विषयावर बोलायला बसवलं आणि तेव्हाची नाडी, घाम असं सगळं मोजलं. जो दगडासारखा गप्प बसलेला दिसतो, त्याच्या छातीत आत धडधड चाललेली असते. नाडी मिनिटाला १०० च्या वर गेली की समोरचा काय म्हणतोय ते डोक्यात शिरत नाही, म्हणून माणूस शटर ओढून घेतो. गॉटमनना असे गप्प होणाऱ्यांत सुमारे ८५ टक्के पुरुष आढळले. म्हणजे तुम्ही समजता तसा तो दर वेळी माज नसतो, तेव्हा त्याला खरंच झेपत नसतं.

पण गॉटमन अशा वेळी थांबायला सांगतात ते किमान २० मिनिटं. दोन दिवस नाही! अंग निवायला तेवढा वेळ पुरतो. त्यापुढचा अबोला डोक्यातल्या एका वाक्यावर चालतो: "तिने मला विचारायलाच हवं होतं." अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ पासून हेच मांडलं आणि मानसतज्ज्ञ कि. मो. फडक्यांनी ते मराठीत आणलं, की घडलेल्या गोष्टीपेक्षा तिच्याबद्दलचा आपला हट्टी 'च' आपल्याला जास्त जाळतो. "विचारलं असतं तर बरं वाटलं असतं" असं मनाशी म्हणणारा माणूस रागावतो, वाईट वाटून घेतो आणि संध्याकाळी बोलतो. 'च'वाला गणपतीपर्यंत जातो.

तुम्ही आधी बोलावं का? बोला की. पण "काय झालं, बोल ना" करत मागे मागे फिरू नका, त्याने तो आणखी आत जाईल. रोजचं बोला, थेट त्याच्याशी: "चहा ठेवलाय," "उद्या लाइटबिलाची शेवटची तारीख आहे." त्याने मुलीकरवी निरोप पाठवला तर उत्तर त्याच्याकडे बघून द्या आणि मुलीला खेळायला पाठवा. हे आजपासून करता येईल, त्याला नवऱ्याची परवानगी लागत नाही. आणि सगळं बरं असेल अशा एखाद्या दिवशी ठरवून टाका, की ज्याला थांबायचंय त्याने "आत्ता नको, रात्री जेवण झाल्यावर बोलू" एवढं म्हणायचं, आणि ज्याने वेळ मागितली त्यानेच रात्री विषय काढायचा. न सांगता उठून जाणं आणि हे सांगून उठणं यात फार फरक आहे.

भावाला मी हेच सांगत आलेय. तो म्हणतो, पुस्तकी आहे. परवा त्याची मुलगी फोनवर मला म्हणाली, "आत्या, बाबा मम्मीशी नाही, मम्मी बाबांशी नाही, मी दोघांशी." शांत माणूस म्हणे.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. गॉटमनच्या जोडप्यांमागे सासू कान देऊन उभी नव्हती. आपल्याकडे "रात्री बोलू" म्हणायला आधी खोली लागते. नवरा घरात सगळ्यांशीच बोलेनासा झाला असेल, झोप-जेवण उडालं असेल, तर तो अबोला नाही, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, पैसे पडत नाहीत. आणि गप्प राहण्याबरोबर घरखर्च बंद करणं, धमकावणं असेल, तर हे सगळं उत्तर बाजूला ठेवा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक आणि आर्थिक छळही येतो, महिला हेल्पलाइनच्या १८१ वर विचारा.

आणि निरोप दोन्हीकडून यायचे, आईही काही कमी नव्हती, असं भाऊ म्हणतो ते खरंच आहे. तुमच्या घरात मुलीला "बाबांना सांग" पहिल्यांदा कोण म्हणालं, ते आठवून बघा.

हे उत्तर मी भावजयीला पाठवणार आहे. भावाला पाठवून उपयोग नाही, वाचून आठवडाभर माझ्याशी बोलायचा नाही.