ऊसतोड कामगारांच्या मुलांना कृषी आणि विज्ञान शाखेकडे कसं वळवावं?

तुम्ही विचारलंय, ऊसतोड कामगारांच्या आणि भटक्या समाजातल्या मुलांसाठी शाळेत शिबिर घ्यायचंय, तर प्रेरणा द्यायला वक्ता कोण बोलवावा. वक्ता बोलवूच नका. त्या पैशात जात पडताळणीचं, म्हणजे राखीव जागेसाठी जातीचा दाखला तपासून घेण्याचं काम जाणणारा एखादा निवृत्त कारकून आठवडाभर शाळेत बसवा.

मी कोयत्यावरच्या घरातली. बीएस्सी अ‍ॅग्री, मग मृदशास्त्रात एमएस्सी, आता माती परीक्षण प्रयोगशाळेत आहे. मला प्रेरणा कधीच कमी पडली नाही, कागद कमी पडला. आमचा प्रवर्ग भटक्या जमातींचा, म्हणजे पडताळणीला 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा जातीचा पुरावा हवा. ज्यांचं बिऱ्हाड दर हंगामाला कारखान्याच्या रानात जातं, त्यांच्याकडं 1961 सालचं काय असणार? आजोबा थोडे दिवस पहिलीत बसले होते, तेवढाच आधार. त्यांचा निर्गम उतारा, म्हणजे शाळेच्या रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल, थोरल्या चुलत्यांनी आपल्या मुलाच्या वेळी काढला होता, त्या मुलाला पडताळणीनंतरचं वैधता प्रमाणपत्रही मिळालेलं. दोन्ही कागद त्यांच्या पेटीत. मागायला गेले तर म्हणाले, "गुंठाभर रान नाही आपल्याला, शेती शिकून कुणाच्या बांधावर उभी राहणार? नर्सिंगला जा." दिले नाहीत ते नाहीतच. मी बारावीत, आई-वडील फडात. मुकादमाच्या शिव्या खाऊन आई गावाकडं आली आणि आम्ही दोघी आजोबांच्या जुन्या शाळेत गेलो. हेडमास्तरांनी फडक्यात बांधलेलं रजिस्टर सोडलं. पानं वाळवीनं खाल्लेली, पण जातीचा रकाना शाबूत. आईला वाचता येत नाही, तरी तिनं त्या ओळीवर बोट ठेवून मला दोनदा वाचायला लावलं.

म्हणून सांगते, मुलानं अकरावी विज्ञानाला प्रवेश घेतला की लगेच पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत करवून घ्या. वडिलांकडच्या कुणाची वैधता असली तर काम निम्मं होतं. सीईटीचे, म्हणजे प्रवेश परीक्षेचे अर्ज ऐन गळीत हंगामात निघतात आणि ओटीपी येतो फडातल्या फोनवर, त्याची सोय आधीच लावा. कृषीच्या प्रवेशात सातबारावाल्यांच्या गुणांत भर पडते हे ऐकून भूमिहीनांची पोरं बिचकतात. त्यांना सांगा, सातबारा नसला तरी अर्ज करता येतो आणि राखीव जागाही आहेत. आयसरसारख्या विज्ञान शिकवणाऱ्या केंद्राच्या संस्थेत भटक्यांचा वेगळा प्रवर्ग नसतो, तिथं बहुतेकांना केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो.

राहिला 'रान नाही तर शेती कशाला' हा प्रश्न. तुमच्या शिबिरातही एखादा पालक तो विचारणारच. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले, रान दीड एकर, आणि एचएमटी हे भाताचं वाण त्यांनी निवडून काढलं. बियाणे कंपनीत, बँकेत कृषी अधिकारी म्हणून घेताना कुणी सातबारा मागत नाही. मी दिवसभर दुसऱ्यांच्या रानातल्या मातीचा सामू (आम्ल-विम्लता) आणि सेंद्रिय कर्ब काढते, त्याचाच पगार मिळतो.

नोकरी हमखास नाही, हेही मुलांपासून लपवू नका. माझ्याबरोबरचे कितीतरी जण पदवी घेऊन अजून पुण्यात अभ्यासिकेत बसलेत. आणि मुलींसाठी आधी वसतिगृह बघा, नाहीतर पहिल्याच हंगामात धाकट्या भावंडांना सांभाळायला त्यांना परत नेतात.

चुलते अजून लग्नकार्यात भेटले की चारचौघांत विचारतात, "मग, किती एकर घेतलं?" एकही नाही घेतलं. घ्यायचंही नाही.