कुळागरातला जुना हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर : सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : माझे काका अमेरिकेत नोकरीला होते. कायमचे परतताना त्यांनी घरसामानाच्या कंटेनरमधून १९६६ सालचा ‘कब कॅडेट १२३’ हा बागेचा लहान ट्रॅक्टर आणला. त्यांच्या पश्चात तो आमच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) ताडपत्रीखाली सात पावसाळे उभा आहे आणि त्याचे इंजिन जाम झाले आहे. माझ्याकडे पंपसेटचे, मिनिटाला १,५०० फेऱ्यांचे डिझेल इंजिन पडून आहे. ते बसवावे, मागे ट्रेलर जोडून सुपारी, नारळ व शेणखत वाहावे, आणि काकांची आठवण म्हणून गाडीला मूळचा रंग द्यावा, अशी इच्छा आहे. आमचा फिटर म्हणतो, इंजिन आठवड्यात बसेल. ही योजना कशी आखावी?
— एक वाचक, सत्तरी (गोवा)

उत्तर : आपण इंजिनापासून सुरुवात करायचे ठरवले आहे, माझा आग्रह असा की पहिला पाना मागच्या बाजूला, हायड्रोस्टॅटिक पंपाला, म्हणजे तेलाच्या दाबाने चाके फिरवणाऱ्या युनिटला, लागावा. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या ‘कब कॅडेट’ मालिकेत हायड्रोस्टॅटिक गती प्रथम १२३ या नमुन्यात आली, आणि आपल्या गाडीचे खरे मोल संडस्ट्रँड बनावटीच्या त्या युनिटमध्ये आहे. इंजिन बिघडले तर दुसरे मिळते. हे युनिट आतून झिजले असेल, तर बाकी सारा खर्च व्यर्थ जातो.

या युनिटमध्ये एक पंप आणि एक मोटर असते, आणि दोघांमध्ये तेल बंद मार्गाने फिरत राहते. पंपातल्या पिस्टनांसमोर एक तिरकी होणारी तबकडी असते. ती सरळ असेल तर पिस्टन पुढेमागे सरकत नाहीत आणि गाडी जागेवर उभी राहते; तिचा कोन वाढवला की गाडी पुढे निघते, आणि उलट्या बाजूला झुकवली की मागे जाते. क्लच आणि गियर बदलणे यात नाही, म्हणूनच झाडांच्या ओळींतून सतत पुढेमागे करावे लागणाऱ्या बागकामाला ही रचना फार सोयीची आहे. मात्र हेच तेल शक्ती वाहून नेते, भाग वंगणात ठेवते आणि उष्णताही बाहेर काढते, त्यामुळे त्यात कचरा किंवा पाणी शिरणे या युनिटला सोसत नाही.

म्हणून प्रथम तेल काढा, तेही स्वच्छ काचेच्या बरणीत, आणि रात्रभर स्थिर ठेवा. सात पावसाळ्यांनंतर ते दुधाळ निघण्याची शक्यता मोठी आहे. तसे निघाले तर आत पाणी शिरले आहे, आणि ते तेल दोन-तीनदा बदलून धुऊन काढावे लागेल. तळाशी लोखंडाचा बारीक कीस थोडासा असेल तर घाबरू नका. परंतु पितळेसारखी चमकणारी पूड दिसली, तर पिस्टनांचे सरकते पृष्ठभाग झिजल्याचे ते चिन्ह आहे आणि युनिट खोलावेच लागेल. इंजिन बाजूला काढल्यावर पंपाचा शाफ्ट हाताने फिरवून पाहा; तो कोठेही न अडकता सारख्याच जोराने फिरला पाहिजे. फिल्टर नवा घाला. तो तेल ओढणाऱ्या बाजूस असल्यामुळे तेथील सील ढिले असेल तर तेल बाहेर गळण्याऐवजी हवा आत शिरते, आणि पंप किंचाळल्यासारखा आवाज करू लागतो. तेल मात्र इंजिनचे घालू नका. ओल्या (तेलात बुडालेल्या) ब्रेकच्या ट्रॅक्टरांसाठी मिळणारे ट्रान्समिशन-हायड्रॉलिक तेलच वापरा. आणि या सर्व काळात गाडी दोराने ओढून हलवू नका, मागची चाके उचलूनच न्या.

आता डिझेल इंजिनाविषयी. आपली कल्पना मला समजते, घरचे इंजिन वाया जाऊ नये असे कोणालाही वाटेल. तरीही ते येथे बसवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मूळचे कोहलर कंपनीचे इंजिन मिनिटाला ३,६०० फेऱ्यांचे, आणि पंप त्याच्याशी शाफ्टने थेट जोडलेला. पंपसेटचे इंजिन १,५०० फेऱ्या देते, म्हणजे पंपाला मिळणारी गती मूळच्या अर्ध्याहूनही कमी. गाडी संथ होईल हे तर झालेच; त्याहून गंभीर गोष्ट ही की बंद मार्गात गळणारे तेल भरून काढणारा लहान पंपही तितकाच मंद फिरेल, आणि चढावर नेमका तोच अपुरा पडेल. शिवाय पंपसेटचे इंजिन जड असते आणि त्याचे धक्के या हलक्या चौकटीला व मधल्या कपलिंगला झेपणारे नाहीत.

फिटरने ‘आठवड्यात बसेल’ म्हणताना बहुधा लक्षात न घेतलेली आणखी एक बाब आहे. या ट्रॅक्टरात इंजिनची शक्ती देणारी नेहमीची बाजू पुढे असते आणि मागे पंपाकडे जाणारा शाफ्ट फ्लायव्हीलच्या बाजूने निघतो. बाजारात मिळणारे साधे आडव्या शाफ्टचे पेट्रोल इंजिन, उदाहरणार्थ होंडा जीएक्स ३९०, आपण शाफ्ट मागे करून बसवले, तर पंप उलट दिशेने फिरेल, आणि तेल भरून देणारा लहान पंप ठरलेल्या दिशेनेच काम करतो. कोणतेही पर्यायी इंजिन विकत घेण्यापूर्वी फिरण्याची दिशा, शाफ्टची उंची आणि फेऱ्या या तीन गोष्टी कागदावर मांडा.

माझी पसंती मूळ इंजिनालाच आहे. कोहलरचे के ३०१ हे १२ अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे, बिडाच्या ब्लॉकचे इंजिन आहे. त्याच्या सिलिंडरचा व्यास ८५.७ मिलिमीटर असून मोठ्या मापाचे पिस्टन आजही अमेरिकेतून मागवता येतात, आणि बोअर करण्याचे काम कोणताही चांगला लेथवाला करील. प्लगच्या भोकातून डिझेल आणि पातळ तेल यांचे मिश्रण सोडून आठवडाभर थांबा, मग फ्लायव्हील हातानेच थोडे थोडे हलवा; हातोडा वापरू नका. अनेकदा पिस्टनऐवजी झडपाच अडकलेल्या असतात. ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंट साफ करून त्यांच्यातील अंतर अर्धा मिलिमीटर ठेवा. पेट्रोलची नळी आणि कार्ब्युरेटरमधील रबराचे भाग मात्र सर्व बदला, कारण आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुने रबर बिघडवते आणि आपल्या दमट हवेतले पाणी ओढून घेते. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करूनच ठेवा.

या इंजिनात वंगणासाठी पंप नाही. कनेक्टिंग रॉडच्या टोकाने उडवलेल्या तेलावरच सारे चालते, आणि अॅल्युमिनियमचा तो रॉड क्रँकवर थेट फिरतो, मध्ये बेअरिंग नसते. सत्तरीतील कुळागरे उतारावर असतात हे लक्षात घेता तेल कमी असताना तीव्र चढावर बराच वेळ चालवणे म्हणजे रॉड मोडून घेणे होय. रोज सकाळी, गाडी सपाट जागी असताना, पातळी पाहा.

उताराचा दुसरा धोका जिवाशी संबंधित आहे. हायड्रोस्टॅटिक गाडी उतारावर तेलाच्या दाबाने रोखून धरली जाते. पंप झिजलेला असेल आणि तेल तापून पातळ झाले असेल, तर लिव्हर मध्यावर असूनही भरलेला ट्रेलर तिला खाली ढकलत नेतो. म्हणून पायाचा ब्रेक पूर्ण दुरुस्त झाल्याशिवाय ट्रेलर जोडू नका. चाचणीही गरम तेलावर घ्या : अर्धा तास काम करून मग चढावर थांबवा. थंड असताना दमदार आणि तापल्यावर ढिली, हे झिजलेल्या युनिटचे ठळक लक्षण. लिव्हर मध्यावर असताना गाडी सपाटीवरही सरकत असेल, तर प्रथम लिव्हरपासून तबकडीपर्यंतच्या जोडांतील झिजलेल्या खाचा तपासा. वेल्डिंगने भरून मूळ मापाला घासल्या की हा दोष बहुतेक वेळा जातो.

आपल्या गरजेप्रमाणे बदल करायचे असतील तर ते येथे करा. सुपारीची लागवड साधारण २.७ मीटर अंतरावर असते आणि ही गाडी एक मीटरच्या आतच बसते, तेव्हा मागची चाके थोडी बाहेर घेऊन तोल सुधारायला पुरेशी जागा आहे. उलटल्यास चालकाला वाचवणारी चौकट मुळात नाही. तिचे काम जाणकार फॅब्रिकेटरकडूनच, सीटबेल्टसह, करून घ्या. रोटाव्हेटर मात्र जोडू नका, सुपारीची मुळे वरच्या थरातच पसरलेली असतात.

रंगाचा प्रश्न आपण पहिला विचारला नाहीत याचा मला आनंद झाला. चतुर्थीनंतर पाऊस ओसरला की तेल आणि पंप पाहा, दिवाळीपर्यंत इंजिन सुटे होईल, आणि सुपारीच्या काढणीत गाडीला महिनाभर अर्ध्या भाराने राबवा. त्या महिन्यात काही ना काही पुन्हा खोलावे लागतेच. काकांचा पिवळा-पांढरा रंग मे महिन्याच्या कोरड्या उन्हात, पत्र्यावर गंजरोधक प्रायमर चढवून, शेवटी द्या.