तुझ्या नावात मी का नाही?

चि. मनू,

शाळेच्या सहलीला इथल्या, अमेरिकेच्या एका जुन्या राष्ट्राध्यक्षाच्या क्विन्सी गावी जाऊन आलीस आणि विचारलंस, ‘जॉन क्विन्सी ॲडम्सच्या नावात मधे त्याच्या आईकडचं नाव आहे, माझ्या नावात मधे बाबांचं. आई, तुझं का नाही?’ दोन वाक्यांत संपणारं हे उत्तर नाही, म्हणून लिहून देते.

आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं. ‘कोणाची गं तू?’ याचं उत्तर पूर्ण नावातच असतं. मुलीचं लग्न झालं की वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, आडनावही बदलतं. पूर्वी तर कित्येक घरांत पहिलं नावसुद्धा बदलत. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. तुझ्या पणजीचं असंच बदललं. माहेरच्या नावाने तिला हाक मारणारं सासरी कुणी नव्हतं.

आता तुझ्या ॲडम्सची गोष्ट. तो ११ जुलै १७६७ला जन्मला. त्याची आई ॲबिगेल. तिच्या आईचे वडील कर्नल जॉन क्विन्सी तेव्हा अंथरुणाला खिळलेले, अखेरच्या घटका मोजत होते. बाळाला त्यांचंच नाव द्या, असा ॲबिगेलच्या आईने आग्रह धरला आणि नाव आडनावासकट दिलं गेलं. दोनच दिवसांनी कर्नल गेले. त्यांच्या मुलाला मूलबाळ झालं नाही. पण मुलीच्या मुलीने पणतवाला दिलेलं ते नाव अमेरिकेच्या सहाव्या राष्ट्राध्यक्षाचं नाव झालं. १७९२मध्ये ब्रेन्ट्री गावापासून नवं गाव वेगळं निघालं, तू पाहिलंस ते क्विन्सी, तेही याच कर्नलच्या नावाने. या नावाला कमीपणा येईल असं काही आपल्या हातून होऊ नये, याची आठवण ते नाव सतत करून देतं, अशा अर्थाचं जॉन क्विन्सी ॲडम्सने पुढे लिहून ठेवलं. मला हे फार मोलाचं वाटतं.

गेलेल्या आजोबांचं नाव नातवाला ठेवणं आपल्यालाही नवं नाही. फक्त आपल्याकडे ते आजोबा बहुधा वडिलांकडचे. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून ती स्वतःच्याच मुलाला नाना नाहीतर अण्णा म्हणायची!

पण ॲडम्सांच्या घरातही सगळं बरोबरीचं होतं असं समजू नकोस. क्विन्सीच्या हॅनकॉक दफनभूमीत हेन्री ॲडम्सचा ग्रॅनाइटचा दगड आहे. १६३०च्या दशकात इंग्लंडहून आलेला हा त्यांचा मूळपुरुष. दगड बसवला त्याच्या वंशजाने, म्हणजे जॉन क्विन्सीच्या वडिलांनी, दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी. हेन्री डेव्हनशरहून आठ मुलगे घेऊन आला, असं त्यावर कोरलंय. वंशावळ शोधणाऱ्यांना पुढे त्याचं गाव सापडलं ते सॉमरसेटमध्ये, बार्टन सेंट डेव्हिड. आणि त्याला एक मुलगीही होती, अर्सुला. दगडावर ती नाही. आपले जुने कुलवृत्तांत उघडलेस तर तसंच दिसेल: मुलग्यांच्या पिढ्या पानोपान, मुलीपुढे सासरचं आडनाव आणि रेघ संपली.

हे मला खुपतं, आणि तुलाही खुपलं याचा आनंद आहे. महाराष्ट्रात आता बदल झालाय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं. तू त्याआधीची, आणि इथे अमेरिकेत जन्मलेली, त्यामुळे तुझ्या नावात एकटे बाबाच आहेत. मोठी झाल्यावर माझं नाव घालून घ्यावंसं वाटलं तर बाबांना आणि मला दोघांनाही ते आवडेल. नाही वाटलं तरी चालेल.

तोवर मी वहीत आपली वंशावळ काढायला घेतली आहे. बाबांकडची बाजू कुलवृत्तांतातून सात पिढ्या उतरवून झाली. माझ्या बाजूला आजी आणि पणजी, तिथेच थांबले. पणजीचं लग्नाआधीचं नाव हवंय. ते आजीला ठाऊक आहे. रविवारी फोनवर तूच विचार, आणि पणजीला किती बहिणी होत्या, त्या कुठल्या गावी दिल्या, हेही विचारून घे. शाईच्या पेनाने लिही.

तुझी,
आई