‘होतंच असतं’ हे उत्तर देण्याआधी

नागपूर, एप्रिल

प्रिय मुली,

गर्भवती तपासणीच्या ओपीडीत तुझी नेमणूक झाल्याचे कळले. तिथे सर्वांत जास्त वेळा तुझ्या कानावर पडणारी तक्रार मळमळीची आणि उलट्यांची असेल, आणि आठवडाभरातच ‘पहिल्या तीन महिन्यांत होतंच असतं’ हे उत्तर आपोआप तुझ्या ओठांवर येऊ लागेल. ते खोटे नाही, कारण दहापैकी सात-आठ जणींना हा त्रास होतोच. परंतु हेच उत्तर देऊन मी एकदा एका मुलीला घरी पाठवले होते. चार दिवसांनी नवऱ्याने तिला अक्षरशः उचलून आणले, तेव्हा तिची जीभ कोरडी पडली होती आणि आदल्या दुपारपासून तिला लघवी झालेली नव्हती. ती सावरली. मात्र त्या दिवसापासून ‘किती उलट्या झाल्या’ याच्याही आधी ‘पाणी पोटात टिकते का, लघवी कितीदा झाली, रंग कसा होता’ हे विचारण्याची मी स्वतःला सवय लावली.

‘मॉर्निंग सिकनेस’ हे नाव फसवे आहे. हा त्रास सकाळपुरता नसतो. कित्येकींना तो संध्याकाळी, फोडणीच्या वासाने, अधिक होतो. साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात सुरू होऊन नवव्याच्या आसपास तो सर्वाधिक असतो आणि बहुतेकींचा सोळाव्यापर्यंत ओसरतो. आमच्या वेळी ‘मनाचे खेळ’ म्हणून त्याची बोळवण होत असे. आता कारण बरेच उलगडले आहे: गर्भ आणि वार यांच्याकडून जीडीएफ-१५ नावाचे संप्रेरक आईच्या रक्तात येते आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या मळमळीच्या केंद्राला चेतवते. गरोदरपणाआधी ज्यांच्या शरीरात ते कमी असते, त्यांना त्याची सवय नसल्याने त्रास जास्त होतो, असे २०२३ च्या डिसेंबरात ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. सोबत आलेल्या सासूबाई ‘आम्ही नाही बाई असे नखरे केले’ म्हणाल्या, तर हे त्यांना सोप्या शब्दांत, सुनेच्या देखत सांग.

खाण्याचा सल्ला देताना तिच्या घरात काय असते ते आधी विचार. उशाशी मुरमुरे, फुटाणे किंवा ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा ठेवावा, तो चावून झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी उठावे. रिकाम्या पोटी मळमळ वाढते, म्हणून दर दोन तासांनी थोडे-थोडे खावे. जेवणासोबत तांब्याभर पाणी पिण्यापेक्षा मधल्या वेळेत घोट-घोट प्यावे. गरम अन्नापेक्षा गार अन्नाचा वास कमी येतो, त्यामुळे दहीभात अनेकींना चालतो. आल्याने काहींना खरोखर आराम पडतो. संत्रे एखादीला तारते, तर आम्लपित्त असणारीला छळते, तेव्हा नागपूरकर म्हणून त्याचा आग्रह नको. आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे वेगळेच प्रकरण असते: उन्हाने आधीच पाणी आटते, त्यात कूलरच्या ओल्या ताट्यांचा कुबट वास कित्येकींना सहन होत नाही. ताट्या बदलायला सांग, वर जलसंजीवनी सांग. फोडणी काही आठवडे घरातल्या दुसऱ्या कोणी द्यावी, हे नवऱ्याकडे बघून सांगितलेले बरे. उलटीनंतर लगेच दात घासू नयेत, साध्या पाण्याने चूळ भरावी.

आता जे चुकवायचे नाही ते. चोवीस तास पाणीही टिकत नसेल, लघवी गडद किंवा फार कमी होत असेल, उठताना भोवळ येत असेल, उलटीत रक्त, ताप किंवा पोटात दुखणे असेल, तर रांग मोडून तिला डॉक्टरांपुढे ने. वजन दर वेळी कार्डावर लिही. गरोदरपणाआधी पन्नास किलो असलेली बाई अडीच किलोंनी उतरली, तर ते नेहमीचे डोहाळे नव्हेत. उलट्या नवव्या-दहाव्या आठवड्यानंतर पहिल्यांदाच सुरू झाल्या, तर कारण दुसरे असू शकते. फारच तीव्र असतील तर जुळे किंवा द्राक्षगर्भ (वारेची द्राक्षांच्या घडासारखी असामान्य वाढ) नाही ना, हे सोनोग्राफीत पाहावे लागते. बरेच दिवस उलट्या झालेल्या बाईला ग्लुकोजचे सलाईन लावण्याआधी बी-१ जीवनसत्त्व द्यायचे का, हे डॉक्टरांना आठवणीने विचार. ते राहून गेले तर मेंदूला इजा होऊ शकते.

गोळी घ्यायला बायका घाबरतात, आणि त्या भीतीला इतिहास आहे: गरोदर बायकांना मळमळीवर दिले जाणारे थॅलिडोमाइड हे औषध १९६१ च्या अखेरीस मागे घेतले जाईपर्यंत हजारो बाळे अपंग जन्मली होती. पण मळमळीवरची डॉक्सिलामाइन आणि बी-६ जीवनसत्त्व यांची गोळी वेगळी आहे. अमेरिकेत ती १९८३ मध्ये खटल्यांमुळे बाजारातून गेली आणि पुरेशा तपासणीअंती २०१३ मध्ये परतली. डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर उलटी होण्याची वाट न बघता ठरल्या वेळी घ्यायची आणि झोप येईल हे आधीच सांगून ठेवायचे. लोहाच्या गोळीने मळमळ वाढते म्हणून काहीजणी फॉलिक ॲसिडही परस्पर बंद करतात, त्यावर लक्ष ठेव.

आणि टेबलाच्या खणात मुरमुऱ्यांचा एक डबा ठेव. उमरेडहून, कामठीहून पहाटेच्या बसने रिकाम्या पोटी आलेल्या बाईला नाव लिहिण्याआधी मूठभर दे. वजनकाट्यापर्यंत ती धड चालत येईल.

तुझी,
सिस्टर